दीड अंश

१९८९ सालच्या एप्रिलात, शाळेला सुट्टी लागायच्या आधीच्या पंधरवड्यात, अकरावीतल्या मासूमाने काकाच्या लाँचवरची बॅटरी सायकलला बांधून मिरकरवाडा बंदरातून शाळेच्या प्रयोगशाळेत आणली. सूर्यात अणू जोडले जाऊन निघणारी उष्णता साध्या टेबलावर, बरणीतल्या पाण्यात वीज सोडून मिळाल्याचं परदेशातल्या दोघा शास्त्रज्ञांनी जाहीर केलं होतं. पेपरातलं ते कात्रण तिच्या वहीत होतं. त्यांची महागड्या धातूची कांडी तिला कुठून मिळणार? तिने निकेलचा चमचा घेतला.

दोन बरण्या मांडल्या. एकीत वीज, दुसरीत नुसतं पाणी.

"बाई, ही पोरगी सूर्य उबवतेय की अंडी?" प्रयोगशाळेतल्या शिपायाने, केरूने विचारलं.

"तुझा चहा झाला की तिलाच विचार," सावित्रीबाई म्हणाल्या. सव्वीस वर्षं त्याच फळ्यावर तेच नियम लिहून त्यांचा उत्साह ओसरला होता.

मासूमा दुपारी घरी जेवून यायची आणि तीन वाजता तापमान बघायची. विजेमुळे येणारी ऊब वजा करूनही विजेची बरणी दीड अंश वर. सलग पाच दिवस. सहाव्या दिवशी तिने मुंबईच्या अणुसंशोधन केंद्राला पत्र लिहिलं.

"खाली तुमची सही हवी, बाई. माझ्या एकटीच्या नावाला कोण विचारतंय?"

"ठेव. बघते."

अडीच वाजता बाई पत्र घेऊन प्रयोगशाळेत आल्या, तेव्हा केरू विजेच्या बरणीत तांब्याने पाणी ओतत होता. काठोकाठ, खालच्या ताटलीत सांडेपर्यंत.

"हे काय?"

"रोज कमी होतं हिच्यातलं, मग रोज भरतो. पोरीचा खोळंबा नको."

"कुठलं पाणी?"

"पत्र्यावरच्या टाकीतलं. माठाला हात लावायचा नाही, तुम्हीच सांगितलंत ना?"

बाईंनी तांब्याला बोट लावलं. चहाच्या कपासारखा गरम.

तीन वाजता मासूमा धापा टाकत आली, वाकून पारा बघितला आणि बाईंकडे बघून हसली. बाईंना बोलायचं होतं. पण मग सगळं उलगडून सांगावं लागलं असतं, आणि हे हसू गेलेलं बघावं लागलं असतं. एवढं त्राण त्या दुपारी त्यांच्यात नव्हतं. त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

दुसऱ्या दिवशी पत्र परत टेबलावर आलं.

"टाकलं नाहीस?"

"पेटीपर्यंत गेले होते. बरणीखालची ताटली ओली होती, ते आठवलं. मागे येऊन टाकीतल्या पाण्याचं तापमान मोजलं. एकेचाळीस." मासूमा खिडकीबाहेर बघत होती. "केरूमामांना सांगू नका. त्यांच्या जिवाला लागेल."

"बरं."

"तुमची सही उगाच फुकट गेली, बाई. तुम्हाला तरी कुठून कळणार होतं?"

बाई फडकं घेऊन कोराच फळा पुसत राहिल्या.

केरू निवृत्त होऊन संगमेश्वराकडच्या गावी गेला. आमच्या बरणीत सूर्य पेटला होता, असं तो शेवटपर्यंत सांगत असे. मासूमा पुण्यात तापमापकं तपासायच्या प्रयोगशाळेत लागली आणि अजून तिथेच आहे. दर ईदेला तिचं पत्र येतं. नव्वदीकडे झुकलेल्या सावित्रीबाई उत्तराला बसतात, "त्या दुपारी मी" एवढं लिहितात आणि थांबतात. मग नवा कागद घेऊन आंब्याचं आणि गुडघ्यांचं लिहितात.