गव्हाणीतला पोळ्याचा बैल

झरी गावात आमचं एकच ख्रिस्ती घर. नाताळला आम्ही बाळ येशूची गव्हाणी मांडतो, पण त्याला भेटायला आलेले मातीचे तीन राजे तिच्यापाशी लगेच ठेवत नाही. ते लांबचे लोक. त्यांना आधी ज्वारीच्या कोठीवर उभं करायचं, रोज थोडं पुढं सरकवायचं आणि जानेवारीत प्रकटीकरणाच्या सणाला बाळापुढं पोचवायचं. माझ्या सासूनं हे काम मरेपर्यंत कुणाला दिलं नाही. मीही दिलेलं नाही.

यंदा घरात सून आली. राजेश्री, बोरीच्या भुजंगरावाची पोरगी. माझ्या पोरानं, सिमोननं, तिच्याशी कोर्टात लग्न केलं तसं भुजंगरावानं पोरीचं नाव टाकलं. मी तिला घरात घेतलं, चूल दिली. गव्हाणीला हात लावायचा नाही, एवढं मात्र पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं. बाप्तिस्मा घेणार का, ते ती बोलत नाही आणि मी विचारत नाही.

सणाच्या सकाळी मी राजे उचलायला गेले तर त्यांच्या मागं मातीचा बैल उभा. पोळ्याचा. शिंगांना बेगड, कपाळावर कुंकू.

“हे काय गं?”

“आत्याबाई, लय लांबून चालत यायलेत. उंट तर तुमचा कवाच मोडलाय.”

“म्हणून पुजलेला बैल आणून बांधायचा? दुपारी फादर यायलेत घराला आशीर्वाद द्यायला. काढ ते.”

“काढते. पण माझ्या आण्णांनी केलेला हाय त्यो. घरून निघताना येवढाच घेतला. त्यो बाहेर गेला तर मीबी जाते त्याच्यासंगं.”

आवाज चढवला नाही तिनं. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. बैल पदरात गुंडाळला आणि पिशवी भरून दाराशी ठेवली. सिमोन मोबाईलमधे तोंड घालून बसला. दोघींपैकी कुणाच्याच कामाचा नाही.

फादर आले. त्यांनी शुभवर्तमानातली राजांची गोष्ट वाचली आणि चौकटीवर खडूनं क्रूस काढायला हात वर केला. हा उतारा मी लग्न होऊन आल्यापासून दरसाल ऐकते. दारातली पिशवी दिसत होती म्हणून असेल, यंदा कान जरा जास्त उघडे होते.

“फादर, हे राजे आपल्यातले व्हते का?”

“नाही, आजी. परके. तारे बघून चालणारे.”

“मग बाळाच्या आईनं काय विचारलं त्यांना? देव कोणता, जात कोणती?”

“तसं काही लिहिलेलं नाही.”

“पण घरात घेतलं.”

“घेतलं.”

फादरनी क्रूस काढला आणि हातावरचा खडू झटकला. मी राजेश्रीकडं न बघता म्हटलं, “बैल आण.”

ती जागची हलली नाही. “कुंकू पुसायचं का?”

“राहू दे. पुसशील अन् त्याचा रंगच काढशील. तुझा बाप म्हणंल, सासूनं माझा बैल नासवला.”

“आण्णा कुठं यायलेत बघायला?”

“येतील न्हाई तर ऱ्हातील. तू ठेव. मला खाली वाकवत न्हाई. राजेबी तूच पोचव. बैल त्यांच्या मागं, पुढं न्हाई.”

तिनं राजे पोचवले, बैल ठेवला. जरा तिरपाच बसला. मी तो सरळ करायला गेले नाही.

दाराशी ठेवलेली पिशवी सिमोननं आत नेली, कुणी न सांगता. त्या दिवसभरात त्यानं केलेलं तेवढंच काम.