सातवी गादी

सातवी गादी जिन्यातून वर यायला लागली तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन हमाल घामाघूम, मागून कारखान्याचा मुकादम "जपून, कोपरा घासेल" म्हणून ओरडतोय, आणि आमचे हे पलंगावर उशांना टेकून, धापा टाकत, याही गादीला नावं ठेवायला तयार.

गाद्यांचा एवढा मोठा कारखाना यांचा, आणि दोन आठवडे यांना आडवं होता येत नव्हतं. पाठ टेकली की श्वास कोंडायचा. हृदय थकलंय, आता फार दिवस नाहीत, असं डॉक्टरांनी आम्हाला बाहेरच्या खोलीत बसवून सांगितलं होतं. यांना सांगायची मात्र कुणाची हिंमत नव्हती. मुलगा म्हणायचा, "बाबा, गादीतच खोट आहे. दुसरी करून घेऊ." यांनाही ते पटायचं, कारण गादीतली खोट पैशाने निघते. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही म्हणतात. आमच्याकडे पैसा तेवढा खरा होता, बाकी सगळं सोंग.

यांनी तळहाताने गादी दाबली. "कडक आहे. परत न्या. कापूस बदला."

"ठेवा ती खाली," मी हमालांना म्हणाले. "आणि सगळे बाहेर जा." मुलाकडे वळले, "तूसुद्धा." तो पाय आपटत गेला.

"गादी चांगली आहे," मी यांना म्हणाले. "तुम्ही मरताय."

"तुझ्या जिभेला काही हाड?"

"नाही! आणि आता नकोच."

ते माझ्याकडे बघत राहिले. "सगळ्यांना ठाऊक होतं?"

"हो."

"मुकादमालासुद्धा?"

"त्यालासुद्धा."

मला रडू येत होतं आणि संतापही. यांचा, पोराचा, आणि सगळ्यात जास्त देवाचा. रोज त्याच्यापुढे बसून एकच मागितलं, तेवढंही त्याला जड झालं!

"भीती वाटते गं," ते म्हणाले. आमच्या अख्ख्या संसारात हे शब्द मी यांच्या तोंडून ऐकले नव्हते. "तुझ्या देवाला सांग, काय हवं ते देतो."

"त्याच्याशी तरी भाव करू नका! त्याला काही नकोय तुमचं. जन्मभर कुणावर विश्वास टाकला नाहीत. आता तरी सोडा त्याच्यावर."

मी पलंगावर चढून त्यांच्या मागे बसले. माझ्या खांद्यावर डोकं टेकून ते पुटपुटले, "देवा, मला यातलं काही कळत नाही. तूच बघ आता." आणि बसल्या बसल्या चक्क झोपले. मला हेवा वाटला. एवढं सोपं मला कधीच जमलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी श्वास अडखळायला लागला. मुलगा धावत दारात आला. यांनी डोळे उघडले, त्यात भीती नव्हती. "येतो मी," म्हणाले.

आणि मी, देवावर सोडा म्हणून काल तावातावाने सांगणारी मी, मुलावर किंचाळले, "बघत काय उभा राहिलास? मोठ्या डॉक्टरांना बोलाव! लागेल तेवढा पैसा ओत! कारखाना वीक!"

यांनी मानेनेच नाही म्हटलं. मी त्यांचा सदरा मुठीत घट्ट धरला होता. ती मूठ सोडवायची ताकद त्यांच्यात नव्हती, म्हणून त्यांनी तिच्यावर नुसता हात ठेवला. तो हात गार पडला, तरी माझी मूठ सुटली नाही.