साबण वाळेपर्यंत

गुरुवारी सकाळी शम्सानं गाडीची किल्ली उचलली, तेव्हा कुठे तिचे वडील बाहेर आले. तीन आठवडे ते टायर बदलायचं पुढं ढकलत होते. चारही टायरांच्या बाजूंना उन्हानं भेगा पाडल्या होत्या, नख घातलं तर आत जाईल अशा.

"भेगा माझ्या टाचांनाही आहेत," खल्फान म्हणाले. "म्हणून काय पाय बदलू?"

"बदलून मिळत असते तर तेही बदलून आणले असते, बाबा. बसा."

चालवायला ती बसली, याचा राग त्यांनी दार आपटून काढला. गेल्या वर्षी हृदयाच्या नळीत जाळी बसवल्यापासून डॉक्टरांनी त्यांना एकट्यानं गाडी चालवायची नाही असं बजावलं होतं. डांबरी रस्त्यावर ते कसंबसं पाळायचे. वाळूत मात्र कोणाच्या बापाचं ऐकायचे नाहीत. तिशी-पस्तिशीची वर्षं त्यांनी पाण्याचा टँकर वाळूतल्या वस्त्यांवर नेला होता, आणि बिदिया गावातले निम्मे पुरुष त्यांच्या शिव्या खातच वाळूत गाडी हाकायला शिकले होते. वाळूच्या तोंडाशी थांबून टायरांची निम्मी हवा सोडायची, ती सगळेच सोडतात. पण बाकीचे मापक लावून बघत, खल्फान व्हॉल्व्हमध्ये काडी दाबून नुसत्या फुसफुसण्यावरून ओळखत. त्याचा त्यांना फार अभिमान होता.

गुल जमानचं दुकान बाजाराच्या टोकाला होतं. बावीस वर्षांपूर्वी तो पेशावरकडून आला, तो इथलाच झाला. खल्फान गाडीतून उतरले ते थेट यंत्रापाशी जाऊन उभे राहिले.

"पठाणा, रिमला ओरखडा आला तर तुझ्या दाढीलाही येईल."

"माझ्या दोन्ही सुनांचे मिळून एवढे नखरे नाहीत, अबू हारिथ, जेवढे तुमच्या रिमांचे आहेत." गुल जमान त्यांना त्यांच्या मुलाच्या नावानं, हारिथचे वडील म्हणून हाक मारायचा.

"सुना रोज पुसाव्या लागत नाहीत."

पहिलं चाक निघेपर्यंत ते तिथेच घुटमळत राहिले. मग समोरच्या चहाच्या टपरीवरून त्यांचा जुना दोस्त हमूद यानं हाक मारली. "अरे, त्याला काम करू दे, का रिमचं बाळंतपण करतोयस?" तेव्हा ते हसत रस्ता ओलांडून गेले.

शम्सा बाकावर बसून राहिली. ती मुलींच्या शाळेत ग्रंथपाल होती, पर्समध्ये पुस्तक असायचंच. पण तिनं ते काढलं नाही. गुल जमानचं काम बघण्यासारखं होतं. टायर रिमवरून सोडवताना तो पहारीखाली जुन्या ट्यूबची पट्टी घालायचा, म्हणजे लोखंड रिमला लागत नसे. रिमच्या कडेचा गंज आणि चिकटलेली वाळू त्यानं ब्रशनं घासून काढली. नव्या टायरच्या ओठांना साबणाचं पाणी लावलं, यंत्राच्या तोंडावरची प्लॅस्टिकची टोपी बदलली, आणि मगच टायर चढवला. हवा भरताना टायर रिमवर ठप्प करून बसला, तेव्हा तो कान लावून ऐकत होता. नट त्यानं आधी हातानं फिरवले, मग समोरासमोरचे जोडीनं आवळले. हवेच्या बंदुकीला हात लावला नाही. चार चाकांना दीड तास लागला आणि एकाही रिमला केसाएवढाही ओरखडा आला नाही.

हात पुसत तो तिच्यापाशी आला.

"बेटी, एक सांगायचंय. साबण अजून ओला आहे. टायर रिमला धरायला एक दिवस लागतो, दोन दिवस दिले तर बरं. उद्या शुक्रवार, नेहमीसारखं दोस्तांबरोबर वाळूतल्या तंबूवर जाऊ देऊ नकोस त्यांना. हवा सोडली आणि जोर लावला की टायर रिमवरच फिरेल, एखादा उतरूनही पडेल. आणि नवं रबर निसरडं असतं, पहिले दोन-तीनशे किलोमीटर दमानं."

"तुम्हीच सांगा ना. समोर तर बसलेत."

"मी सांगितलं तर म्हणतील, ज्याला काल वाळू दाखवली तो आज मला शिकवतो. आणि हट्टानं उद्याच जातील. तू सांग. तुझं ऐकतात."

माझं कधी ऐकलंय, असं तिच्या ओठांवर आलं होतं. ती म्हणाली, "सांगते."

परतताना खल्फाननी किल्ली हिसकावूनच घेतली. गाडी जराशी उंच झाल्यासारखी वाटत होती, वळणावर उगाच तरंगत होती.

"नवी चप्पल आहे," ते म्हणाले. "पायात बसेपर्यंत थोडी इकडेतिकडे होणारच."

"बाबा, गुल जमान म्हणत होता—"

"गुल जमान बायकांशी फार बोलतो. आणि तू टायरवाल्याकडे दीड तास बसलीस ते बाजारभर झालं. हमूद विचारत होता, शाळा सोडून पंक्चर काढायला लागली का पोरगी."

ते चेष्टेनंच बोलले होते. तिला लागलं. एकोणचाळीस वर्षांची झाली तरी टपरीवरच्या हशाला तिचीच चेष्टा लागते. घर येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत राहिली आणि ते गाडीला शाबासकी देत राहिले.

संध्याकाळी पुरुष बैठकीत जमले. कॉफीचा थर्मास घेऊन ती आतल्या दाराशी आली, तेव्हा वडिलांचा आवाज ऐकू आला. पहाटेची नमाज झाली की मी पुढं निघतो, तंबू उघडून चटया टाकतो, तुम्ही आरामात नऊला या. कोणीतरी म्हणालं, एकटा कशाला जातोस? खल्फान म्हणाले, "ज्या वाळूत मी तुला चालायला शिकवलं, तिथं मला सोबत लागत नाही." सगळे हसले.

दारात उभं राहून दोन वाक्यं बोलायची होती. वडिलांना पाहुण्यांसमोर अडवायचं नसतं, हे खरं. पण बाजूला बोलावता आलं असतं, नाहीतर जेवण झाल्यावर सांगता आलं असतं. तिनं थर्मास उंबऱ्याशी ठेवला. एकदा रुतू देत, तिच्या मनात आलं. हमूदच्या गाडीला दोर बांधून सगळ्यांसमोर ओढून काढू देत. मग किल्ली आपणहून खिळ्याला लावतील. ती आत जाऊन पुस्तक वाचत बसली. पहाटे गाडी सुरू झाल्याचा आवाज आला तेव्हा ती जागी होती.

हमूद आणि बाकीचे नऊला निघाले. दहाच्या सुमारास दुसऱ्या टेकाडामागं त्यांना गाडी दिसली. मागच्या उजव्या चाकाचा टायर रिमवरून निसटला होता, चाकाखाली रुतलेली गाडी काढायची लोखंडी पट्टी सरकवलेली होती, फावडं वाळूत उभं होतं. खल्फान गाडीला टेकून बसले होते. सावली तोवर त्यांच्या अंगावरून सरकून गेली होती. फोनला तिथं रेंज नव्हती. पाण्याची बाटली अर्धी भरलेली होती, म्हणजे तहानेनं नाही, छातीनंच गेले, असं दवाखान्यात म्हणाले. त्याच दुपारी त्यांना पुरलं.

तीन दिवस घरात माणसं येत राहिली. शम्सा बायकांमध्ये खजूर फिरवत होती, कडू कॉफीचे पेले विसळत होती. तिची आई आतल्या खोलीत बसायला लागली होती, विधवेच्या रिवाजाप्रमाणे आता चार महिने ती तिथेच बसणार होती. येणारी प्रत्येक बाई म्हणायची, अल्लाची मर्जी, आणि शम्सा मान हलवायची. दुसऱ्या दिवशी गुल जमानही आला होता. पुरुषांच्या रांगेत शेवटी बसला, हारिथचा हात हातात घेऊन काहीतरी पुटपुटला आणि कॉफी न घेता उठला. दाराच्या फटीतून शम्सानं त्याला जाताना पाहिलं. त्यानं घराकडे वळून बघितलं नाही.

हारिथ तिचा धाकटा भाऊ, मस्कतला एका कार्यालयात अधिकारी. आल्यापासून तो झोपला नव्हता. त्याला एक काहीतरी हवं होतं, ज्याचा गळा धरता येईल. आणि तिसऱ्या दिवशी दुपारी ट्रकवरून गाडी अंगणात उतरवली तेव्हा ते त्याला मिळालं. मागच्या उजव्या रिमची कड बोटभर चेपली होती.

दुपारनंतरची अस्रची नमाज झाल्यावर त्यानं दोघांना बोलावून घेतलं: गुल जमानला, आणि ज्याच्या नावावर दुकानाचा परवाना होता त्या हमदानला. हमूदही आला. शम्सा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आईच्या खोलीची झडप उघडी होती.

"ही बघा," हारिथ कड दाखवत म्हणाला. "रिम चेपून ठेवली यानं. टायर बसणार कसा?"

गुल जमान उकिडवा बसला. त्यानं कडेवरून अंगठा फिरवला. "हे ताजं आहे. पट्टीवर घासलंय. मी लावलं तेव्हा रिम साफ होती." मग तो दुसऱ्या चाकापाशी सरकला. "इकडे बघा. टायर बसवला की मी पिवळ्या खडूनं रेघ ओढतो, अर्धी रबरावर, अर्धी रिमवर. दोन्ही अर्ध्या समोरासमोर असायला हव्यात."

टायरवरची रेघ एकीकडे होती, रिमवरची वीतभर पुढं. हमूदनं वाकून पाहिलं आणि जीभ टाळ्याला लावून आवाज काढला.

"म्हणजे टायर फिरला," हारिथ म्हणाला. "सैल बसवलास."

"सैल नाही. साबण वाळायच्या आत हवा सोडली गेली."

"मग सांगायला नको होतं, हवा सोडू नका म्हणून? हे सांगणं तुझं काम नाही?"

"आहे."

"सांगितलंस?"

गुल जमानची नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली नाही. ती जमिनीवर होती, खडूच्या रेघेवर. "आता आठवत नाही," तो म्हणाला.

"आठवत नाही म्हणजे सांगितलं नाही." हारिथ हमदानकडे वळला. "याचा कामाचा परवाना रद्द करा. या महिन्यानंतर हा माणूस इथे दिसता कामा नये. नाहीतर मी तक्रार लिहितो, मग दुकानही जाईल."

हमदान दाढी कुरवाळत राहिला. "बावीस वर्षांचा माणूस आहे रे हारिथ."

"माझा बाप सत्तर वर्षांचा होता."

गुल जमान उठला, गुडघ्यावरची वाळू झटकली आणि निघायची परवानगी मागावी तसा उभा राहिला. गप्प राहिलं तर पाच मिनिटांत हे संपेल, शम्साला कळत होतं. तो फाटकातून जाईल, पुढच्या महिन्यात दुकानात दुसरा कोणी असेल, आणि आईला, हारिथला, बाजाराला कायमचं ठाऊक असेल की पठाणाच्या हलगर्जीपणानं खल्फान गेला. तिनं ओढणी डोक्यावरून पुढं घेतली आणि अंगणात आली. पुरुष बाजूला सरले.

"त्यानं सांगितलं होतं," ती म्हणाली. "मला."

हारिथनं तिच्याकडे असं पाहिलं, जणू ती भलत्याच भाषेत बोलली होती. मग त्याचा आवाज मऊ झाला. "विसरलीस तू. त्या दिवशीच्या गडबडीत राहून गेलं. होतं असं, शम्सा. तुला कोणी काही म्हणणार नाही. आत जा."

हमूदनं लगेच मान डोलावली. झडपेमागं आईच्या जपमाळेचे मणी किणकिणले आणि थांबले. विसरलेल्या मुलीला सगळे माफ करणार होते. तिला त्यांच्या तोंडांवर ते दिसत होतं.

"नाही," शम्सा म्हणाली. "विसरले नव्हते. थर्मास घेऊन दारात उभी होते, ते उद्या जाणार म्हणत होते ते ऐकलं, आणि बोलले नाही. टपरीवर माझ्यावरून हसले होते ते. मला वाटलं, हमूदकाकांच्या दोरानं यांना एकदा ओढून काढू देत, सगळ्यांनी बघू दे, म्हणजे किल्ली सोडतील. मला त्यांना थोडं हरलेलं बघायचं होतं, हारिथ. म्हणून सांगितलं नाही."