जुना नकाशा आणि चार वाजताचे भांडण

मी एक जुना नकाशा आहे. मित्रांनो, १९१२ साली माझी छपाई झाली. पाठीला मांजरपाटाचे जाड कापड चिकटवले, वर-खाली लाकडी दांडे बसवले आणि मी नागपूरला, सदर भागातल्या एका शाळेत आलो. माझ्या अंगावर साम्राज्यांचे रंग आहेत. बळी तो कान पिळी, या न्यायाने आफ्रिकेचे तुकडे कोणी बळकावले, ते माझ्यावर अजून दिसते. ज्यांची ती जमीन, त्यांना कोणी विचारलेसुद्धा नव्हते.

गुरुजी छडीने मला टोचत, तरी वर्गात माझा मान मोठा होता. पुढे प्रोजेक्टर आला आणि मी कपाटामागे, पालींच्या शेजारी गेलो. गरज सरो, वैद्य मरो! गेल्या मंगळवारी मात्र वीज गेली आणि इतिहासाच्या चारुशीला मॅडमना माझी आठवण झाली.

नववी 'अ'चा वर्ग त्या दिवशी धुमसत होता. मैदानात खेळपट्टी एकच. तिच्यावरून या वर्गातला दुर्गेश आणि 'ब' तुकडीचा अंकित यांची जुंपली होती. चार वाजता शाळा सुटली की दोघे आपापली पोरे घेऊन भिडणार होते. दुर्गेशच्या बाकाखाली दोन स्टंप पाहून मला धडकी भरली.

त्याचा जिवलग गौरांग म्हणाला, "भेतं काहून गा? तू सुरू कर, मी आहो ना!"

मॅडमनी ते ऐकले. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी माझ्यावरच्या युरोपातल्या देशांवर टाचण्या खोचल्या, टाचण्यांना दोरे बांधले आणि एकेक दोरा मुलांच्या हाती दिला.

"१९१४ साल. ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला. ऑस्ट्रियाने सर्बियावर आळ घेतला आणि त्याला धमकावलं. भांडण दोघांचं होतं. पण जर्मनी ऑस्ट्रियाला म्हणाला, 'हो पुढे, आम्ही आहोत.' ओढा! सर्बियामागे रशिया. ओढा! रशियामागे फ्रान्स. जर्मनी बेल्जियममध्ये घुसला, मग इंग्लंडही उतरलं. ओढा!"

टर्रकन मी मधोमध फाटलो. खोटे कशाला सांगू, फार दुखले.

"किती लोक मेले, मॅडम?" भैरवीने विचारले.

"कोटीच्या घरात. त्यात आपल्या देशातलेही हजारो. त्यांचं तर कोणाशीच भांडण नव्हतं."

"मग जर्मनीनं ऑस्ट्रियाले थांबवलं काहून नाही?" गौरांगने विचारले.

"थांबवता आलं असतं. वेळेवर थांबवलं नाही."

चारची घंटा झाली. दुर्गेशने स्टंप उचलले. "चाल गा, गौरांग."

गौरांग उठला. "येतो. पण मी कोणाले मारत नाही. तुले घरी न्यायले येतो."

"भित्रा कुठला!" दुर्गेश ओरडला आणि एकटाच दारापर्यंत गेला. मागे वळून पाहिले, तर बाकीची पोरे जागची हलली नव्हती. खाली मैदानात अंकितची पोरे जमू लागली होती. माझा जीव टांगणीला लागला. दुर्गेशने एकदा मैदानाकडे, एकदा वर्गाकडे पाहिले. मग त्याने स्टंप भिंतीशी टेकवले आणि डोळे पुसले. गौरांगने त्याचे दप्तर उचलले आणि दोघे मैदानाकडे न जाता घरी निघाले.

मित्रांनो, माझी फाटलेली जागा शिवा, मला पुन्हा कपाटामागे टाकू नका. आणि दोस्ताच्या पाठीशी जरूर उभे राहा. पण तो वार करायला निघाला, तर आधी त्याचा हात धरा.