नकद मेहर

माझ्या लग्नाचा खर्च मी करणार होतो आणि हिशोब अब्बा करणार होते. आमच्या घरी कामाची वाटणी अशीच आहे. दिग्रसला बसस्टँडमागे माझं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान. ग्रीसमध्ये हात काळे करून दीड लाख जमवले होते. नवरीची बरी, म्हणजे कपडे-दागिने, पन्नास हजारांत आटोपली. उरलेला लाख अब्बांनी वलिम्याला लावला. निकाहानंतरचं हे जेवण मुलाकडचं असतं, आणि जफर फिटरच्या मुलाच्या वलिम्यात मटण बिर्याणीच पाहिजे, असं जफर फिटरचं, म्हणजे अब्बांचंच, म्हणणं होतं.

"सहाशे मानूस," अब्बा म्हणाले. "जनमभर लोकायचं खाल्लं. आता आपली पाळी."

कोणाकडे काय खाल्लं हे अब्बांना तोंडपाठ आहे. पुसदच्या एका वलिम्यात त्यांच्या ताटात मटणाची एक बोटी कमी आली होती. त्या माणसाला आम्ही बोलावणार नव्हतो.

मग बोरी अरबहून गझालाचा, माझ्या होणाऱ्या बायकोचा, फोन आला.

"मेहर किती लिहिनार?"

"एकावन्न हजार."

"लिहिनार का देनार?"

मेहर हा नवऱ्यानं बायकोला द्यायचा, तिच्या हक्काचा पैसा. आमच्याकडे आकडा थाटात लिहितात आणि उधार ठेवतात. ही उधारी कधी फिटते, हे मी कोणाला विचारलं नव्हतं. गझालानं न विचारता सांगितलं. तिचे अब्बू गेले तेव्हा जनाजा उचलायच्या आधी बायका तिच्या अम्मीभोवती बसल्या आणि म्हणाल्या, मेहर माफ कर, मय्यतीवर बोजा राहते.

"अम्मी रडून राह्यली होती. तिनं मान हालवली, झाली माफ. मले नकद पायजे. कमी लिहा, पन द्या."

"एकावन्नच देईन," मी म्हणालो. फोन ठेवल्यावर अशी बाई घरात येणार याची भीती वाटली आणि फार बरंही वाटलं.

गझाला काय म्हणाली ते मी घरी जसंच्या तसं सांगितलं. उरलेल्या एकोणपन्नास हजारांत सहाशे माणसांना बिर्याणी होत नाही. दालचा-चावल होतो, आणि दालच्याच्या डाळीत मटणाऐवजी दुधी भोपळा.

"दुधी!" अब्बा ओरडले. "मेहर कोन देते रे? तुह्या अम्मीची पंचवीसशे होती. मी देल्ली का? तिनं कवाच माफ केली."

अम्मी कांदा चिरत होती. तिचा हात थांबला नाही.

"कवा?"

"काय कवा?"

"माफ कवा केली? मले आठोत नाही."

पुसदची बोटी आठवणारा माणूस, पण ही तारीख त्यांना आठवेना. ते चपला घालून बाहेर निघून गेले. दुधीला त्यांची मंजुरी मिळाली, असं आम्ही धरून चाललो.

निकाहाला काझीसाहेबांनी सवयीनं 'उधार' लिहायला घेतलं. मी म्हणालो, नकद. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. अब्बांनी मंडपाच्या कापडाकडे पाहिलं. मेहरच्या पैशांचं पाकीट आत नवरीकडे गेलं आणि बराच वेळ आतून काही येईना. पोरीला पोरगा पसंत नाही की काय, अशी कुजबुज सुरू झाली. शेवटी तिचे मामा बाहेर आले.

"मोजून राह्यली होती," ते म्हणाले. "बरोबर भरले. कबूल हाय."

दुसऱ्या दिवशी वलिमा झाला. लोक दालचा दोनदा वाढून घेत होते आणि त्यात बोटी शोधत होते. अब्बा दाराशी उभे राहून प्रत्येकाला सांगत होते, "गर्मी लय हाय. हलकंच बरं."

पाहुणे पांगल्यावर ते अम्मीपाशी आले. खिशातून पाचशेच्या पाच नोटा काढून त्यांनी तिच्यापुढे धरल्या. आजूबाजूला कोणी पाहत नाही ना, हे आधी बघून घेतलं. मी डेग घासत होतो, मला त्यांनी कोणात धरलं नाही.

अम्मीनं नोटा मोजल्या. "तवा याच्यात अर्धा तोळा सोनं येत होतं," ती म्हणाली.

"मंग?" अब्बांचा आवाज चिरका झाला.

"मंग काही नाही." तिनं नोटा पदरात बांधल्या. "तुमच्या जनाज्यापाशी बाया इचारतीन, तं भेटली म्हनून सांगीन. तवा मले नुसतं रडता येईन."

अब्बा तिच्या पदराच्या गाठीकडे पाहत राहिले. मग खाली बसले आणि म्हणाले, "दालचा उरला असन तं दे."

अम्मीनं त्यांना वाढलं.