सरदाराची शेपूट

माणूस खोटं वागायला लागला की त्याच्या आधी त्याच्या चपला बोलायला लागतात, असं म्हातारीचं मत होतं. आणि धाकट्या मुलाच्या चपला सोमवारपासून सकाळी सकाळी ओल्या होत्या. होडी चालवणाऱ्याच्या चपला ओल्या असणारच, त्यात काय, असं कुणीही म्हणेल. पण होडी खुंट्याला कोरडी ठणठणीत आणि चपला ओल्या, हे कसं? वर जेवताना मान खाली, विचारलं तर "काही नाही गं आई," आणि बायकोवर उगाच खेकसणं. लपवायलाही अक्कल लागते, आणि ती ह्या घराण्यात बाहेरून लग्न करून आणावी लागते, असं म्हातारीने सुनेला ऐकवलं. एरवी सून हसली असती. ह्या वेळी तिने पातेलं जोरात घासायला घेतलं, तेव्हा म्हातारी काय ते समजली. हिलाही ठाऊक होतं.

घर नदीकाठी होतं. सहा खोल्या भाड्याच्या, खाली लांब जेवणघर. गळ टाकायची हौस असलेली माणसं उतरायला यायची, तीही एकाच माशासाठी. त्याला सगळे सरदार म्हणत. गळाला लागला की तासभर झुंजायचा, होडी ओढत न्यायचा, भल्याभल्यांचे तळवे सोलून काढायचा. एके काळी न्याहारीच्या आत तीन-तीन मिळत. मागच्या दोन हंगामांत एकही नाही. पाहुणे दिवसभर पाण्याकडे बघत बसायचे आणि निघताना म्हणायचे, हवा मात्र छान आहे हं तुमच्याकडे. हवा खायला माणूस गळ घेऊन येतो का?

जेवणघराच्या भिंतीवर फळ्या होत्या. मोठा सरदार मिळाला की त्याला ओल्या फळीवर आडवा ठेवायचा, म्हातारीने सुताराच्या जाड पेन्सिलीने त्याच्या भोवतीने रेघ ओढायची आणि मग नवऱ्याने ती कोरायची, ही घरची रीत. म्हातारीची शाळा दुसरीत सुटली, सही करताना अजून जीभ बाहेर यायची. पण रेघ अशी, की मासा उठून पाण्यात जाईल. नवरा गेला, तशी कोरायची पटाशी धाकट्याकडे आली. पेन्सिल तिने कुणाला दिली नाही.

त्या आठवड्यात दातांचे डॉक्टर उतरले होते. सव्वीस वर्षं न चुकता येणारा माणूस. आता त्यांचे हात थरथरायचे, आणि आल्या आल्याच म्हणाले होते, "बाई, ही शेवटची खेप."

गुरुवारी दुपारी धाकटा धक्क्यावरून ओरडला, "आई, पेन्सिल आण! डॉक्टरांना सरदार लागला!"

म्हातारी गुडघे विसरून धावली. टबात मासा होता, हातभर लांब, सोनेरी. डॉक्टर बाजूच्या स्टुलावर बसले होते. धाकट्याने मासा फळीवर ठेवला. तिने तोंडापासून सुरुवात केली, पाठीवरून पेन्सिल फिरवत शेपटीशी आली आणि थांबली.

सरदाराची शेपूट कात्रीसारखी, दोन्ही टोकं धारदार. ही गोल होती, झिजलेल्या झाडूसारखी. परांच्या कडा खरवडलेल्या. जन्मभर हौदाच्या सिमेंटच्या भिंतींना घासलेला, पाळलेला मासा.

"पाण्यात सोड याला," ती म्हणाली.

"अगं, रेघ पुरी कर की!"

"कुठल्या हौदातून आणलास? पहाटे किती सोडलेस धक्क्याखाली?"

धाकट्याचं तोंड उतरलं. "पाच," तो पुटपुटला. "डॉक्टरांची शेवटची खेप, म्हणून... आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, आई?"

"म्हणून दुसऱ्याच्या आडातलं ओतायचं?" मग ती डॉक्टरांकडे वळली. मान खाली घालायची तिला सवय नव्हती. तिने ती तशीच ताठ ठेवली. "डॉक्टर, हा सरदार नाही. ह्या घरात तुम्हाला फसवलंय."

"मला गळ अडकला तेव्हाच कळलं," डॉक्टर म्हणाले. "सरदार असा हाक मारल्यासारखा येतो होय? पण तुमच्या मुलाचा चेहरा इतका खुलला होता, म्हटलं, जाऊ दे."

संध्याकाळी डॉक्टर जेवणघरात आपल्या जुन्या फळीसमोर उभे राहिले. भिंतीवरची सगळ्यांत मोठी. "काय दिवस होते," ते म्हणाले. "काठाशी उथळ पाण्यात यायचे, नुसता गळ टाकायचा अवकाश."

म्हातारी पाणी घेऊन आली होती. तिने भिंतीकडे पाहिलं. रोज पुसायची ती फळ्या, पण पुसताना धूळ दिसते, मासा दिसत नाही. एकेक फळी ती बघत गेली. प्रत्येक रेघ पोटाशी खाली फुगलेली. तिनेच ओढलेली, जशीच्या तशी. काठाशी उथळ पाण्यात ते अंडी घालायला यायचे. मोठी म्हणून टांगली ती एकूणएक गाभोळीवाली, पोटात अंडी असलेली मादी होती. बारीक नर कधी भिंतीवर चढलाच नाही. आणि ती गाभोळी तिनेच तळून पाहुण्यांच्या ताटात वाढली होती, वर आणखी घ्या म्हणून आग्रह करकरून.

तिने तांब्या ठेवला आणि खुर्चीत बसली. फार दमल्यासारखं वाटलं.

धाकटा दारात उभा होता. बोलणी खायची तयारी करूनच आला असावा.

"इकडे ये," ती म्हणाली. "खोटारडा आहेस तू, ते मी माफ करणार नाही. पण तू पाच आणून सोडलेस, मी वंशच्या वंश तळून वाढला. तुझं पाप माझ्यापेक्षा धाकटंच. उद्यापासून ह्या घरातून गळ पडणार नाही. होडी चालव, लोकांना पाणी दाखव, येतील ते येतील. फळ्या मात्र काढायच्या नाहीत. कुणी विचारलं सरदार कुठे गेले, तर ह्या भिंतीकडे बोट कर आणि सांग, आमच्या आईने ओढलेल्या रेघा आहेत."