बोटं उचलायची नाहीत

"बोटं उचलायची नाहीत. पेशंट रडो, शिव्या घालो, बोटं उचलायची नाहीत."

पहिल्याच दिवशी हॉस्पिटलच्या हेड सिस्टर, मोठ्या बाईंनी नव्या सिस्टरला हे बजावलं आणि थरथरत्या हातांवरून तिचं नाव ठेवलं, कापरी. पुढे एकदा कापरी अशीच रक्त थांबवायला एका पेशंटची जांघ दाबून उभी होती आणि वरच्या वॉर्डात तिचे वडील शेवटच्या घटका मोजत होते. दुसरी सिस्टर मोकळी होती. पण मोठ्या बाई म्हणाल्या, हात बदलला की रक्त सुटतं. कापरी वर पोचली तेव्हा वडिलांच्या तोंडावर चादर ओढून झाली होती.

आज टेबलावर मोठ्या बाईच होत्या, निवृत्त आणि वाळलेल्या. जांघेतल्या धमनीतून बारीक नळी थेट हृदयाशी नेऊन डॉक्टरांनी तुंबलेली वाहिनी उघडली, आत जाळी बसवली. नळी काढल्यावर ते छिद्र दाबायला कापरी उभी राहिली. जांघ बधिर असली तरी बाईंची जीभ जागी होती. इतकी वर्षं पगार कसला घेतलास, हात तर अजून उंदरासारखे कापरेच, असं त्यांनी ऐकवलं.

तेवढ्यात वरच्या वॉर्डातून फोन आला. बाईंचे यजमान तिथेच पडून होते, आता घरघर लागली होती. बाईंचा चेहरा उतरला. एका भांडणापासून त्या नवऱ्याशी बोलल्या नव्हत्या, सकाळी खाली येतानाही तोंड फिरवूनच आल्या होत्या.

"मला उठता यायचं नाही. तू जा, पोरी. त्यांच्या कानात सांग, माझा राग गेलाय म्हणून. वचन दे."

"दिलं," कापरी म्हणाली. बोटं जागची हलली नाहीत.

दुसरी सिस्टर हातमोजे चढवून पुढे आली, मी धरते म्हणाली. कापरीने तिच्याकडे पाहिलंही नाही.

"हात बदलला की रक्त सुटतं. नाही का, बाई?"

बाईंनी नजर छताकडे वळवली. मग हळूच म्हणाल्या, "तुझा बाप तुझ्यावर रुसलेला तरी नव्हता गं."

कापरीचे हात आज जरासुद्धा कापले नाहीत.

रक्त थांबलं, पट्टी बसली. फोन पुन्हा वाजला. दुसऱ्या सिस्टरने तो ऐकून ठेवून दिला. बाईंना काही सांगावं लागलं नाही.

कापरीने साबणाने हात स्वच्छ धुतले. दिलेला शब्द मोडायचा नाही, ही आईची शिकवण तिने आजवर पाळली होती. त्यांच्या कानात सांगायला चादर थोडी बाजूला करावी लागेल, एवढंच मनाशी म्हणत ती जिना चढू लागली.